बाबांचा होकार

प्रिय दादा,

फोनवर तू दोन मिनिटांत "मीटिंग आहे" म्हणून ठेवतोस, म्हणून लिहिते. मला तुझा राग आलाय आणि तो गोड शब्दांत गुंडाळायची माझी इच्छा नाही.

मागच्या महिन्यात तू बाबांच्या खाटेजवळ बसून चार लोकांसमोर विचारलंस, बोडीच्या तळ्याजवळची धानाची बांधी विकू ना? बाबांनी मान हलवली. झालं, तू गिऱ्हाईक शोधायला मोकळा! बाबांनी मान हलवली की गावातलं भांडण मिटायचं, खरंय. पण ती मान आपल्या इथल्या गोरेगावच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडायच्या आधीची. डोक्याला मार लागल्यापासून ते सगळ्यालाच मान हलवतात. चहा हवा का, हो. नको का, तरी हो. वाचा गेलीय, समज गेलेली नाही, हे गोंदियाच्या दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या मॅडमनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. तरी तू त्यांचा नंदीबैल केलास. आई म्हणालीसुद्धा, "त्यायच्या तोंडून तुमीच काऊन बोलून राहिले रे?" तू हसलास.

बोट ठेवून सांगता यावं म्हणून मॅडमनी दिलेल्या चित्रांच्या फलकावर सँडविच होतं, शॉवर होता. बाबा तोंड फिरवायचे आणि आपण म्हणायचो, यांना कळत नाही. अरे, जन्मात सँडविच न खाल्लेला माणूस त्यावर बोट कशाला ठेवेल? शेवटी मी जुन्या लग्नपत्रिका जोडून त्यांवर आपलेच फोटो चिकटवले. चहा, ताट, विहार, बांधी, आई, तू, मी. एक रागावलेला चेहरा काढला, तो मला छान जमला. आईची हिरवी टिकली म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. पहिल्याच दिवशी बाबांनी चहावर बोट ठेवलं, मग लाल टिकलीवर. साखर घालू का विचारलं, तर हिरवीवर. इतके महिने आम्ही त्यांच्या घशात बिनसाखरेचा चहा ओतत होतो!

काल तुझा निरोप आला, रविवारी गिऱ्हाईक घेऊन अंगठा घ्यायला येतोस. मी तो बाबांना वाचून दाखवला. त्यांचं बोट बांधीवर गेलं, मग लाल टिकलीवर. मग तुझ्या फोटोवर आणि रागावलेल्या चेहऱ्यावर. मला वाटलं, संपलं. पण बोट पुन्हा तुझ्या फोटोवर आलं आणि तिथून ताटावर. मी विचारलं, दादाला जेवायला बोलावू? मान तर हललीच, पण मी फलक पुढे धरून ठेवला. बाबांनी हिरवी टिकली दाबून धरली. म्हणून हे पत्र, त्यांच्या सांगण्यावरून. ये, पण एकटा ये. आणि काही विचारशील तेव्हा त्यांच्या मानेकडे बघू नकोस, बोटाकडे बघ.

तुझीच, अजून रागावलेली,
समीक्षा