दादा, मोठ्यानं वाच

अलेक्झांड्रिया

आई,

तुझे हात डोळ्यांना लावते. मी मजेत आहे. खोकला जवळजवळ गेलाय, काळजी नको.

शिलाईच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी फजिती झाली. आमच्या म्हाताऱ्या मुकादमीणबाईंना हाक मारायची म्हणून मी 'अमक्याची आई' म्हणायच्या आपल्या गावच्या सवयीनं विचारलं, "तुमच्या थोरल्या मुलाचं नाव काय?"

"मला तिन्ही मुलीच," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला हाकच मारणार नाहीस? वफा म्हण की गं!" सगळ्या खो खो हसल्या.

मग त्यांनी तुझं नाव विचारलं. कुणी चारचौघांत तुझं नाव घेतलं म्हणून शहातादादा केवढी मारामारी करून आला होता! पण मी सांगून टाकलं.

"इतकं गोड नाव लपवता कशाला?" वफाबाई म्हणाल्या.

शेळी व्यायली का? बाबांचे गुडघे कसे आहेत?

पत्र दादाच वाचून दाखवत असेल. दादा, आता खाकरू नकोस. बाबा समोर बसले असले तरी पुढची ओळ मोठ्यानं वाच.

बहियाची लेक,
इन्साफ