गेलेली लाइट

गुरुवार, मे २००५. इंदिरानगर.

डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या वरच्या भागातल्या पेशी वीज सोडतात, पण ह्यांच्या हृदयात ती खाली जाताना मध्येच अडते. पेसमेकर लगेच बसवा. ह्यांचा जन्म वीजखात्यात गेला. हसून म्हणाले, "म्हणजे लोडशेडिंगच की! अगं, गेलेली लाइट येतेच. लेकीचं बाळंतपण होऊ दे, जुलैत बघू."

माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी ताटलीत बेडकाचं सुटं हृदय दाखवलं होतं. एकटंच धडधडत होतं. केवढं नवल वाटलं होतं तेव्हा!

मघाशी बातम्या बघताना मी ह्यांचं मनगट धरलं. "आज काय विशेष?" म्हणाले. ठोका, ठोका... मग काहीच नाही. किती वेळ? आला पुन्हा.

ताटलीतलंही असंच अडखळायला लागलं होतं. मग थांबलं.

जुलै फार लांब आहे.