आजींची राखाडी शाल

शरणपूर, नाशिक
१९३५

चि. बेबी,

तुमचं विलायतेतलं घर पाडल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. त्या घराच्या इतिहासाचं तू छापलेलं पुस्तकही मिळालं. शाळेतल्या बाईंनी दोन्ही मला मराठीत सांगितली. तीन पिढ्यांचे मालक, त्यांचे घोडे, तुझ्या आजींचे गुलाब, सगळं आहे. माझी जाऊ म्हणाली, "कुत्र्याचंसुद्धा नाव आहे गं! चार वर्षं तिकडे आया म्हणून राहून तू कुठं आहेस त्यात?"

त्याचं मला काही वाटलं नाही. चीड आली ती शेवटच्या पानावर. तू पाच वर्षांची असताना तुला घटसर्प झाला, तेव्हा राखाडी शाल पांघरून आजी तीन दिवस उशाशी बसल्या, असं तू लिहिलंयस.

आजी लंडनला होत्या, बेबी. घटसर्पाच्या धास्तीने त्या आल्याच नाहीत. मी कुडकुडत होते म्हणून स्वयंपाकिणीने त्यांची जुनी शाल माझ्या अंगावर टाकली. घरात मराठी बोलायला आजींची बंदी होती, म्हणून तुझं डोकं मांडीवर घेऊन मी मुकाट बसून राहिले.

आता तू विचारतेस, "आया, आजींची आणखी एखादी आठवण सांग ना. घर गेलं, एवढंच उरलंय."

इथवर लिहून आठ दिवस झाले. इंग्रजी करून घ्यायला चारदा निघाले आणि शाळेच्या फाटकातून परतले. आज कागद घरीच ठेवला आणि बाईंना तोंडी सांगितलं, "लिहा, आजींची मांडी फार उबदार होती."

तुझी आया,
मार्था