भोकांचं वल्हं

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

आज खोटं बोललो. म्हणजे बोललो नाही, समोरच्याला चुकीचं बोलू दिलं.

शर्वाणीचा तिसावा वाढदिवस ७ डिसेंबरला, लीड्समध्ये. मी आणि सविता जाणार. काय आणू विचारलं तर लेक म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट बाय एनिथिंग. मेक समथिंग." मग लाजत सांगितलं – मॅश पॅडल. ती आणि तिचा नवरा हौसेनं घरी बिअर करतात. भरडलेले जव मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात भिजवायचे आणि गुठळ्या मोडत ढवळायचे. त्यासाठी दीड हात लांब लाकडी वल्हं लागतं, पात्याला भोकं असलेलं. फोटो पाठवला.

एकोणतीस वर्षं लोकांच्या बातम्या तासल्या. लाकूड कधी तासलं नाही. म्हणून शारजाला, खैरुद्दीनकडे. औद्योगिक क्षेत्रात त्याचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. मूळचा रत्नागिरीचा. बर दुबईतल्या आमच्या पहिल्या घराची कपाटं त्यानं केली, तेव्हापासूनची बावीस वर्षांची दोस्ती.

फोटो बघून हसला. "आमचे वालिद होडीची वल्ही करायचे, जगन्नाथभाई. या भोकांच्या वल्ह्यानं होडी जागची हलायची नाही. कशाला हवंय?"

"शर्वाणीला. मोठ्या पातेल्यात जव ढवळायला."

"तलबिना करते ती?" एकदम खूश. गेल्या वर्षी त्याच्या बायकोचं, शहरबानूभाभींचं, ऑपरेशन झालं, त्यानंतर महिनाभर तो त्यांना रोज तलबिना करून देत होता – जवाचं पीठ, दूध, मध. आजाऱ्याला देतात, घरात कुणी गेलं तर त्या घरी देतात. त्यांच्यात ते बरकतीचं अन्न. "परदेशात राहून पोरीला हे सुचलं! मग हे मीच करणार. तुम्ही चहा प्या."

मी चहा प्यायलो.

रविवार, ९ नोव्हेंबर

पेपरच्या डेस्कवर माझा नियम होता – चूक कळली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची. आज दुसरा दिवस. फोन केला नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

वल्हं जवळपास तयार. खलिफा सिटीतल्या एका व्हिलाच्या किचनमधून उरलेला मेपलचा तुकडा त्यानं जपून ठेवला होता, तो माझ्यासाठी काढला. सागाचा वास जवाला लागतो, पाइनची राळ सुटते. मेपल बरं, असं म्हणाला.

पात्याला सात भोकं. ती पाडायला दहा मिनिटं लागली, आतून घासायला तास. एक बारीक गोल कानस आहे त्याच्याकडे, वडिलांची, रत्नागिरीहून आणलेली. वर्कशॉपमध्ये दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. प्रत्येक भोकाची आतली कड तिनं किंचित गोल केली. "वरून कुणीही गुळगुळीत करतो. आत कूस राहिलं तर जेवणाऱ्याच्या तोंडात जातं."

निघताना माझ्या हातात एक पिशवी. शहरबानूभाभींनी जवाचं पीठ पाठवलं, घरी दळलेलं. सोबत निरोप – शर्वाणीसाठी दुआ केली आहे.

पिशवी मांडीवर घेऊन दुबईला आलो. ट्रॅफिक होता, विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सविताला सांगितलं. ती पिशवी उघडून पीठ हुंगत होती.

"अहो, मग सांगून टाका ना त्यांना."

"वल्हं तयार आहे. आता सांगून काय?"

"आता नाही सांगितलंत तर ते वल्हं बघताना दरवेळी तुमचं तोंड असंच होईल. आणि लेक विचारेल काय झालं."

छत्तीस वर्षांत तिची एकही हेडलाइन चुकलेली नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सांगितलं. आत शिरताच, चहा येण्याआधी.

"खैरुद्दीनभाई, ते तलबिनासाठी नाही. शर्वाणी घरी बिअर करते. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही खूश झालात आणि मी गप्प बसलो."

त्यानं हात पुसले.

"तुम्ही घेता हे मला ठाऊक नाही का? बावीस वर्षं तुमच्या घरी जेवतो. माझ्यासमोर तुम्ही बाटली ठेवली नाही, मी विचारलं नाही. चाललं ना?"

"चाललं."

"कोण काय पितो ते त्याच्यापाशी. पण दारू करायचं हत्यार माझ्या हातचं नको. आमच्यात करणाऱ्यालाही वर जाब विचारला जातो." मग हळू आवाजात, "शहरबानूला काय सांगू?"

चूक झाली, म्हणालो. तो म्हणाला, "झाली खरी."

वल्हं त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. रमजानमध्ये त्याच्या मशिदीत गहू-मटण घोटून केलेल्या हरीसचं मोठं भांडं चढतं, तिथं कामाला येईल. "खलास, भाई. आज जा तुम्ही."

पहिल्यांदाच त्याच्याकडून चहा न पिता निघालो.

रविवार, २३ नोव्हेंबर

फोन नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

दुपारी त्याचा मेसेज. "शनिवारी या. जुने कपडे घाला. फळी तुमची तुम्ही आणा."

तीनदा वाचला. सविताला वाचून दाखवला. किती बरं वाटलं ते इथंही नीट लिहिता येत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सगळं अंग दुखतंय. खूप चांगला दिवस.

माझी फळी त्यानं लांबूनच हुंगली. "हे पाइन. दुकानदारानं मेपल सांगितलं? राळ सुटेल, सगळी चव बिघडेल."

"कशाची चव, भाई?"

तो थांबला. मग असा हसला की त्याचा कारागीर अक्रम मशीन बंद करून बघायला आला. "जा, यल्ला. दोन दुकानं सोडून विचारा. माझं नाव सांगू नका."

मेपल आणलं. मग त्यानं अट सांगितली. लाकूडकाम शिकवणं हा त्याचा धंदा, शिकवण्यात काही गैर नाही. पण या वल्ह्याला त्याचा हात लागणार नाही. मापं, काप, भोकं, सगळं माझं. दोन्ही हात पाठीमागे बांधून तो शेजारी उभा राहिला, परीक्षेच्या हॉलमधल्या मास्तरसारखा.

"पेन्सिलीच्या रेघेवर कापू नका, रेघेबाहेर कापा. मग रेघेपर्यंत घासत जायचं."

"जोर लावू नका. जिगसॉ करवतीला जाऊ द्या."

"भोक पाडताना खाली टाकाऊ फळी ठेवा–"

तोवर माझं पहिलं भोक पाडून झालं होतं. मागून लाकूड फाटलं, नखाएवढा टवका उडाला.

"पेपरवाल्यांना वाक्य पुरं ऐकायची सवयच नाही," खैरुद्दीन म्हणाला.

दांडा घासताना मी एका जागी अडलो. बघितलं तर त्याची पाठीमागची बोटं सुटली होती. त्यानं ती परत एकमेकांत गुंतवली. असं दोनदा झालं. कुणी माझ्यासाठी नुसतं उभं राहण्याचे इतके कष्ट घेतलेले मला आठवत नाहीत.

संध्याकाळपर्यंत वल्हं झालं. दांडा थोडा वाकडा, पातं एका बाजूला जाड. भोकांच्या आत कुसंही राहिली. पॉलिश पेपरची सुरळी करून बघितली, आत नीट फिरेना. माझं बोट सोलवटलं.

"आतलं राहिलंय," तो म्हणाला.

"राहू दे. शर्वाणीला सांगेन, बापाला इतकंच जमलं."

सविताचं म्हणणं होतं खोबरेल लावावं. खैरुद्दीन म्हणाला, ते खवट होतं. भांड्यांना चालणारं बिनवासाचं तेल मी चोपडलं. "इथंच बाकावर ठेवा. लाकडाला पिऊ द्या. गुरुवारी न्या."

मग चहा झाला. दोन कप.

गुरुवार, ४ डिसेंबर

वल्हं आणलं. अक्रमनं बबल रॅप आणि टेपमध्ये गच्च गुंडाळून ठेवलं होतं. खैरुद्दीन साइटवर होता, भेट झाली नाही. शहरबानूभाभींचा फोन आला. त्यांना सगळं कळलंय. म्हणाल्या, "दुआ परत घ्यायची नसते, भाईसाहेब. पीठ न्या सोबत. पोरीला सांगा, ते दुधात शिजवायचं." मी फोन सविताला दिला. सविता बोलली त्यांच्याशी.

शनिवार, ६ डिसेंबर

विमान वेळेवर. वल्हं तिरकं घातलं तेव्हा बॅगेत बसलं.

रविवार, ७ डिसेंबर. लीड्स

शर्वाणीनं टेप कापली, वाकडा दांडा बघून खूप हसली आणि मग भोकांमधून बोट फिरवलं. "बाबा, द इनसाइड्स आर सो स्मूद. हे कसं केलंस तू?"

मीही बोट घातलं. सातही भोकं. आतली कड किंचित गोल, त्याच्या वडिलांच्या कानशीनं होते तशी, फाटलेल्या भोकाचीसुद्धा. बाकी कशालाही हात लावलेला नव्हता.

खैरुद्दीनला फोन केला. वल्हं पोचलं, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "अलहमदुलिल्ला, पोरीला शुभेच्छा." आभार मानले नाहीत. ही दुरुस्ती मी छापणार नाही.