उंच बसलेला दात

प्रिय बाबा,

पत्र हातात पडलं की आधी दुकानाचं शटर अर्धं ओढा, मग वाचा. तुम्ही बोट फिरवत मोठ्याने वाचता, आणि शेजारच्या घड्याळजींना घड्याळाची टिकटिक ऐकू येत नसली तरी आपल्या घरातलं सगळं ऐकू येतं. फोनच केला असता, पण हात मोकळे राहावेत म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर टाकून फोमच्या ढिगावर ठेवता. मग मी काय बोलते ते गिऱ्हाईकही ऐकतं आणि मधूनच सल्ला देतं. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. हा चौथा कागद आहे, आधीचे तीन फाडले.

आधी कामाचं. तुमचा खालचा समोरचा दात हलतोय, आणि तो म्हातारपणाने हलत नाही. मागच्या महिन्यात मी घरी आले होते, तेव्हा तुम्ही जेवणाच्या खोलीतल्या खुर्चीची बैठक नव्याने मढवत होता. खिळे तोंडात नव्हते, वाटीत होते. मला आठवतंय तेव्हापासून तुमच्या तोंडात खिळे आहेत. एका वेळी दहा-बारा, ओठांच्या आत, आणि जिभेने एकेक फिरवून डोक्याकडून बाहेर. लहानपणी मला वाटायचं, ते तुमच्या तोंडातच तयार होतात. मी विचारलं, वाटी कशाला, तर म्हणालात, आता वय झालं, खिळा गिळला तर तुझी आई मला लोहचुंबकाने शोधेल. आई हसली. मीही हसले, आणि हसता हसता बोटाने तुमचा तो खालचा दात ढकलून पाहिला. तो हलला. तुम्ही म्हणालात, सोड गं, एक दात हलणारच. मी सोडला. जेवले, भांडी विसळली, संध्याकाळच्या गाडीने परत आले, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

का हलतोय ते सांगते. तुमच्याच कामाच्या भाषेत सांगते, म्हणजे मला लपता येणार नाही. आपला खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांचा एक थर असतो, खुर्चीच्या चौकटीत तुम्ही पट्ट्या ताणून बसवता तसा. चावलं की दात त्या पट्ट्यांवर किंचित दबतो आणि परत वर येतो. त्या धाग्यांनाच सगळं कळतं. दाताखाली केस आला तरी कळतं, भातातला खडा चुरडण्याआधी जबडा थांबतो, तो त्यांच्यामुळे. तुम्ही डोळे मिटून सांगायचात, हा खिळा वाकडा आहे, ह्याचं टोक बोथट आहे. मला वाटायचं ही जिभेची करामत. अर्धी करामत दातांची होती.

वरचा जो नवा दात आपण बसवला, त्याला तो थर नाही. त्याचा स्क्रू हाडाशी एकजीव झालाय, तीच त्याची ताकद. तो किडणार नाही, दुखणार नाही, सफरचंद तोडायला खऱ्या दाताला हार जाणार नाही. पण तो म्हणजे पट्ट्या आणि फोम काढून टाकलेला लाकडी पाट आहे. दबत नाही, आणि त्याला फारसं कळतही नाही. हाडातून काहीतरी जाणवतं, पण अंगावर गोधडी असताना कुणी बोट टेकवावं तसं. परवा मी आरशासमोर उभी राहून स्वतःच्या दातांत स्वतःचा केस धरून पाहिला. लगेच कळला. मग तुमचा वरचा दात आठवला आणि केस थुंकून टाकला. तेव्हापासून दिवसातून तीनदा तरी हा खुळेपणा करते. मदतनीस ताई म्हणाली, डॉक्टर, डोक्यावर थोडे राहू द्या.

म्हणून अशा दाताचा एक नियम आहे, आणि तो मला झोपेतून उठवून विचारला तरी येतो. हा दात शेजाऱ्यांपेक्षा केसभर हलका बसवायचा. केसापेक्षा पातळ पट्टी मध्ये धरायची. हलकं मिटलं तर पट्टी सुळकन निघून यायला हवी, जोरात चावलं तरच अडकायला हवी. कारण चावताना बाकीचे दात दबतात आणि हा दबत नाही. आधीच उंच असेल तर सगळा भार ह्याच्यावर येतो, आणि ह्याच्या समोर जो खरा दात असेल तो रोज मार खातो. घासाला घासाला. तोंडातल्या तोंडात हातोडी चालू राहते आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण ज्याने ओरडायचं तो मुका आहे.

तुमचा दात बसवला त्या दिवशी मी पट्टी धरली नाही. निळा कागद चावायला दिला, वरच्या दातावर ठिपका उठला, शेजाऱ्यांपेक्षा गडद. मी थोडं घासलं. पुन्हा कागद, पुन्हा गडद. मग मी तुम्हाला विचारलं, उंच लागतंय का. तुम्ही म्हणालात, नाही नाही, झकास. मी मान डोलावली. बाबा, हा प्रश्नच चुकीचा होता. ज्या दाताला कळत नाही त्याच्या मालकाला विचारून काय उपयोग? शिवाय तुम्ही मला कधी नाही म्हणाला आहात? पहिलीत मी तुम्हाला उलटा काढलेला आकडा दाखवला, तेव्हाही झकासच म्हणाला होतात.

आता तुम्ही म्हणाल, चूक होते माणसाकडून, टाका वाकडा गेला तर उसवायचा. तुम्ही मला हेच शिकवलंत. उसवायचा, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की उसवला होता. दात वाचेल, असं मला वाटतं. वरचा घासून हलका केला की खालचा सावरतो, त्याच्याभोवतीचे धागे पुन्हा ताठ होतात, काही आठवडे लागतात. पण उशीर केला तर तोही जाईल. तुमचे खरे समोरचे दात आता मोजकेच उरलेत, आणि ते गेले तर वाटीतले खिळे वाटीतच राहतील. म्हणून येत्या गुरुवारी अकरा वाजता या. आईला सांगा, दुकान एक दिवस बंद ठेवल्याने जगातली माणसं उभी राहणार नाहीत.

इथवर लिहून मी दोनदा उठले, हात धुतले, खिडकी लावली, उघडली. कारण खरी गोष्ट अजून राहिलीच आहे. पट्टी का धरली नाही? घाई होती म्हणून. घाई कसली? तर तुम्ही दवाखान्यातल्या खुर्चीतून लवकर उठावं याची.

आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांचा, सरांचा, एक नियम आहे. घरच्या माणसाचं काम आपण एकट्याने संपवायचं नाही, शेवटची तपासणी दुसऱ्याने करायची. कारण घरच्याच्या तोंडात आपली नजर धड राहत नाही. तुमचा दात दुसऱ्या कुणी तपासला नाही, कारण तुम्ही माझे कोण हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी कामाला लागले त्या आठवड्यात सगळे आपापल्या वडिलांबद्दल सांगत होते. मी म्हणाले, माझ्या वडिलांचा फर्निचरचा व्यवसाय आहे. खोटं नव्हतं, पण त्यांच्या डोळ्यांसमोर शोरूमची काचेची मोठी दारं उभी राहिली ते मला दिसलं, आणि मी ती राहू दिली. मग पक्कड निसटून तुमचा दात मोडला आणि तुम्ही दुकानातून तसेच आलात, केसांत कापूस, खिशाला खिळे टोचलेले. ताईने विचारलं, हे कोण. मी म्हणाले, आमच्या ओळखीतले काका आहेत. तुम्ही तीन हातांवर उभे होता. तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत आणि म्हणालात, बरं डॉक्टर, कुठे बसू? त्यानंतर प्रत्येक खेपेला इस्त्रीचा शर्ट घालून आलात आणि मला एकदाही टाचणी म्हटलं नाहीत. दात बसवून जाताना ताईला म्हणालात, तुमची डॉक्टर फार हुशार आहे. तुमची. घरी आल्यावर ह्यावर एक शब्द काढला नाहीत, आईलाही सांगितलं नाहीत. तिने एकदा विचारलं, ह्यांनी तिथे काही गडबड केली नाही ना, तेव्हा मी नाही म्हणाले. ते मात्र खरं होतं.

काल सरांना सगळं सांगितलं. त्यांनी तुमची नोंद काढून पाहिली. मग म्हणाले, गुरुवारी दात तू घास, पट्टी मी धरेन. दाताच्या चुकीसाठी तुम्हाला फोन केला असता तरी चाललं असतं, घड्याळजींनी ऐकलं असतं तर ऐकलं असतं. पण त्या काका शब्दाची माफी मला फोनवर मागता आली नसती, म्हणून हे पत्र. नोंदवहीत तुमच्या नावापुढे नात्याचा रकाना आहे, तिथलं जुनं खोडून मी वडील असं लिहिलं. ताईने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, म्हणजे आपल्या तपासणीच्या खुर्चीच्या हाताची शिवण उसवलीय असं मला हळूच सांगून गेले होते, ते तुमचे बाबा? मी हो म्हणाले. ती शिवण अजून तशीच आहे. येताना दुकानातलाच शर्ट घाला, आणि हातोडी आणा.

तुमचीच,
टाचणी