प्लेटखालची पोकळी

१२ फेब्रुवारी, सोमवार

तिसऱ्या मजल्यावरचा सात नंबरचा खांब पोकळ वाजतो!

मुकादमांनी सकाळीच बोलावून घेतलं. फोनवर काही सांगेनात. ‘मॅडम, तुम्ही या, कानांनी ऐका.’ गेले. त्यांनी हातोडीनं खांबाच्या मधोमध ठोकलं — ठक्क. भरीव, मुका आवाज. मग वर, तुळई जोडली आहे तिथे ठोकलं — टण्ण! रिकाम्या डब्यासारखं. पुन्हा ठोकायला लागले. म्हटलं, कळलं. पुरे.

दवाखान्याची इमारत. नऊ मजले व्हायचे आहेत, पाच झालेत. सगळे खांब चौकोनी पोलादी नळीचे, आत काँक्रीट भरलेलं. आणि आता हे.

घरी आले ते तशीच खुर्चीत बसले. ह्यांनी विचारलं, ‘एवढं काय झालं?’ सांगितलं — पत्रा काँक्रीटला बाहेर फुटू देत नाही, काँक्रीट पत्र्याला आत चेपू देत नाही, दोघं मिळून भार घेतात. मध्ये पोकळी राहिली की तेवढ्या जागी सगळं एकट्या पत्र्यावर येतं. ह्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘माणूस साधं कलिंगड घेताना वाजवून घेतो. तुम्ही खांब तसेच घेता?’

हसले मी. मग हसू गेलं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर ठोकत फिरलो. साठ जोड. एकोणचाळीस पोकळ. खांदा भरून आलाय, पेन धरवत नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आज सात नंबरला भोक पाडलं. पोटात घालतात तसली कॅमेऱ्याची बारीक नळी आत सरकवली. पडद्यावर काळोख. मग प्लेटची खालची बाजू दिसली, कोरडी, काँक्रीटचा थेंबही लागलेला नाही. तीन बोटं पोकळी.

तुळईचा भार आत उतरावा म्हणून नळीत आडवी प्लेट असते. मधल्या मोठ्या भोकातून काँक्रीट जातं. चारही कोपऱ्यांत लहान भोकं लागतात, हवा निघून जायला. ती नाहीतच! हवा कोंडली, काँक्रीट वर चढलंच नाही.

‘कोपऱ्यांना भोकं का नाहीत?’ मी ओरडले. सगळ्यांसमोर.

मुकादमांनी हातमोजे काढले. सावकाश. म्हणाले, ‘कागदावर नव्हती, मॅडम. मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, कागदावर आहे तेच करा.’

आठवलं. लख्ख आठवलं. त्या दिवशीचा त्यांचा तिसरा फोन. तीन इमारतींची कामं एकदम अंगावर, डबा उघडून समोर ठेवलेला, आणि मला फक्त चार घास शांतपणे खायचे होते. बास. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

नकाशा काढून पाहिला. ‘तपासले’ — पुढे माझी सही. चांगली ठसठशीत.

१९ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना सगळं सांगितलं. ते खुर्चीतून उठले. मग दार लावून घेतलं.

‘नकाशा कुणी काढला होता?’

‘काकांनी.’ (आमच्या ऑफिसात नकाशे काढायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले.)

‘मग झालं तर. त्यांची चूक म्हणू. आता घरीच बसलेत, त्यांचं काय बिघडणार?’

म्हटलं, ‘तपासायचं काम माझं होतं. फोनही मलाच आला होता.’

‘तुम्ही दमलाय,’ म्हणाले. ‘दमलेल्या माणसाला सगळं स्वतःच्याच डोक्यावर घ्यायची हौस येते.’

दमले आहे हे खरंच. पण काकांनी तीस वर्षं मान मोडून रेघा ओढल्या. त्यांच्या माथी मारून मी कुठल्या तोंडानं झोपू? चूक माझी असं लेखी दिलं. कागद टेबलावर ठेवला.

साहेब म्हणाले, ‘काम थांबवा. दुरुस्ती तुम्हीच करून द्या. पुढचं पुढे बघू.’

२२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रयोगशाळेत दोन आखूड खांब दाबून पाहिले. एक भरीव, एकात प्लेटखाली मुद्दाम पोकळी ठेवलेली. भरीव चारशे वीस टनांपर्यंत तग धरून होता, मग सगळीकडून थोडा थोडा फुगला. पोकळीचा दोनशेच्या आतच गेला. मोडला नाही, आवाज नाही काही. पोकळीपाशी पत्रा नुसता सुरकुतला, बाहीला चुणी पडते तसा.

मुकादम शेजारी उभे होते. परत येताना मी म्हटलं, ‘त्या दिवशी ओरडले, चुकलं माझं.’

‘राहू द्या हो,’ म्हणाले. ‘खरं तर मीच चौथा फोन करायला हवा होता. पण तुमचा आवाज ऐकला आणि म्हटलं, कशाला वाघिणीच्या गुहेत जा!’

दोघंही हसलो. मला नंतर फार वाईट वाटलं. माणसं माझ्याशी बोलायला कचरतात — आणि मला पत्ताच नाही.

२ मार्च, शनिवार

भरणं सुरू. एका भोकातून दाबानं सिमेंटचा पातळ मसाला आत सोडायचा, दुसऱ्यातून बाहेर आला की थांबायचं. दिवसाला चार-पाच जोड. पाय सुजलेत.

६ मार्च, बुधवार

ह्यांनी पाय शेकायला गरम पाणी आणून दिलं. बादलीत पाय ठेवूनच झोप लागली म्हणे.

९ मार्च, शनिवार

संपलं! एकोणचाळीसही भरून झाले. मसाला घट्ट झालेले जोड यंत्रानं तपासले, आवाजाच्या लहरी आरपार गेल्या, कुठे खंड नाही. मुकादमांनी चहा सांगितला. साहेब स्वतः येऊन बघून गेले. जाताना मान हलवली.

उद्या उठायचं नाही. आठ वाजेपर्यंत, नऊ वाजेपर्यंत. कुणाचा फोन घ्यायचा नाही.

१० मार्च, रविवार

सकाळी काकांचा फोन. घेतला. ‘माझं नाव वाचवलंत असं कानावर आलं. पण बाई, तो जोड मी नव्यानं काढला नव्हता. सहा वर्षांपूर्वीच्या शाळेच्या नकाशातून जसाच्या तसा उचललाय.’

ती शाळा चार मजली. दोन पाळ्यांत भरते.

साहेबांना नंतर सांगेन. आधी मुख्याध्यापिकांना फोन लावला. म्हटलं, उद्या मुलांना बोलावू नका.

‘कुणाच्या सांगण्यावरून?’

‘माझ्या. तुमचा नकाशाही मीच तपासला होता.’