भरलेल्या जहाजाचा वेग

३ मार्च, सोमवार

पुन्हा हुकला! टॉर्पेडो जहाजाच्या नाकासमोरून निघून गेला आणि जहाज आपलं ढिम्म – चाललंय.

कोन वीस अंश काढला होता, तीनदा तपासून. जहाजाचा वेग अकरा, टॉर्पेडोचा तीस, दोघांच्या वाटा काटकोनात. म्हणजे जहाज समोर यायच्या वीस अंश आधी सोडायचा – तो पोचेपर्यंत जहाज आपल्या पायांनी तिथे येतं. यायला हवं. येत नाही.

कॉम्प्युटरवरच्या या खेळात हे सगळं आपोआप काढून देणारं बटण आहे. मी ते बंद ठेवलंय. सगळं खेळानंच केलं तर मी काय करू? दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, संध्याकाळी घरी येऊन पाणबुडीत बसायचं. पेन्सिल, कोनमापक, कागद. दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, चाळिशी उलटली तुझी. या वयात लोक झाडं लावतात." लावोत बापडे.

बाबा पलीकडच्या खोलीत. आजचं आमचं संभाषण: "जेवलात?" "हो."

४ मार्च, मंगळवार

हुकला.

६ मार्च, गुरुवार

आज पाठीमागून आवाज आला – "भरलेलं आहे ते."

दचकलेच! बाबा दारात उभे. किती वेळ, देव जाणे.

"कोण भरलेलं?"

"जहाज. पाण्यात केवढं खाली बसलंय बघ की. अकरानं कुठलं जातंय? आठ. फार तर आठ."

आठ धरले तर कोन येतो पंधरा. पंधरावर सोडला. लागला! मी खुर्चीतून उडालेच. वळून पाहते तर बाबा गेलेले. दार लावून घेतलेलं.

हा माणूस तीस वर्षं मालवाहू जहाजांवर अधिकारी होता, वाट आखून द्यायचं काम त्याचंच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या घरी ते दहा महिन्यांनी येणारे पाहुणे होते. पाहुण्याला कुणी विचारतं का, तू काम काय करतोस? आई होती तोवर ती मध्ये असायची. त्यांचं मला, माझं त्यांना सांगायची. ती जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही एका घरातले दोन भाडेकरू.

९ मार्च, रविवार

बाबा आपली खुर्ची घेऊन आले! विचारलं नाही, सांगितलं नाही. ठेवली माझ्या शेजारी आणि बसले.

दुपारभर शिकवत होते. धुराकडे बघ – वारा कळतो. नाकाशी फेस किती उडतोय बघ – वेग कळतो. "कोनमापक नंतर. आधी डोळे." मी म्हटलं, डोळ्यांचाच तर धंदा आहे माझा. हसले. बाबा हसले की त्यांचा वरचा एक दात वाकडा दिसतो – मला माहीतच नव्हतं.

एकच वैताग. जहाज बुडालं की विचारतात, "माणसं किती असतील त्यावर?"

"बाबा, खेळ आहे."

"तीसेक असतील," म्हणतात.

मी न विचारता दोन कप चहा टाकला. मागच्या अख्ख्या वर्षात बोललो नसू एवढं आज बोललो.

१३ मार्च, गुरुवार

दुकानातून धावत घरी! मालकीणबाई म्हणाल्या, "कोणी वाट बघतंय वाटतं?" हो म्हटलं. त्यांना जे समजायचं ते समजल्या.

१५ मार्च, शनिवार

आज काहीतरी बिघडलं.

मोठं जहाज होतं, कोन बाबांनी तोंडी काढला, अगदी बरोबर. बुडालं. मग दुर्बिणीत एक होडी दिसली – जहाजावरून सुटलेली, आत माणसांसारखे ठिपके. याआधीही दिसायच्या, मी लक्ष देत नसे.

बाबा उभे राहिले. खुर्चीची पाठ घट्ट धरून.

"होडी आहे."

"हो. असते कधी कधी."

"आता आपण काय करायचं?"

"काही नाही. खोल जायचं आणि निघायचं." मी अगदी सहज म्हणाले.

जेवायला आले नाहीत. दोनदा दार वाजवलं. "भूक नाही गं." त्यांची खुर्ची इथेच आहे, रिकामी. आधी खुर्ची नव्हती ते बरं होतं.

१६ मार्च, रविवार

सकाळी स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून बोलायला लागले. मी भाजी चिरत होते, चिरतच राहिले. थांबले असते तर तेही थांबले असते.

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळची वेळ, पहाऱ्यावर बाबा. उजव्या हाताला चार मैलांवर एक होडी. इंजिन बंद. दहा-बारा माणसं, वल्ह्याला लाल कापड बांधून हलवत होती. बाबांनी कप्तानाला बोलावलं. त्यानं दुर्बीण लावली, खाली ठेवली. म्हणाला, "अशी माणसं एकदा चढवली की कुठलंच बंदर उतरवून घेत नाही. महिनाभर अडकून पडू. डावीकडे घ्या वीस अंश. आपण काही पाहिलेलं नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग मी वीस अंश डावीकडे घेतलं. कोन मीच काढला. नोंदवहीत लिहिलं – विशेष काही नाही."

रात्री वादळ झालं म्हणाले. पुढे होडीचं काय झालं कधी कळलं नाही. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी नुसतं "जेवून घ्या," म्हणाले. लाज वाटते लिहिताना.

१७ मार्च, सोमवार

दोन काचा वाया घालवल्या. चष्म्याच्या नंबराचा अक्ष उलटा घेतला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी आले तर टेबलावर कागद. बाबांचं बारीक, सरळ अक्षर. अंतर चार मैल. आपला वेग ताशी बारा मैल. होडी वाऱ्यानं आपल्यापासून लांब चाललेली, ताशी एक मैल. अंधार पडायला चाळीस मिनिटं.

"तू काढ," म्हणाले. "वळलो असतो तर अंधाराआधी पोचलो असतो का? मी काढत नाही. माझ्यावर माझा विश्वास नाही."

उद्या काढते म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

यात काढायचंय काय! बारातून एक गेला, अकरा. चार मैलांना अकरानं भागायचं. बावीस मिनिटं. उद्या म्हटलं तेव्हाच मनात उत्तर आलेलं होतं.

बाबा उजेड असताना पोचले असते. वर अठरा मिनिटं हातात.

संध्याकाळी बाबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "भरलेलं जहाज वळताना वेग मोडतो, समोरून लाटा, परत वेग धरायला वेळ – सगळं धरलं तर एक्कावन्न मिनिटं. अंधार पडला असता, बाबा. होडी सापडली नसती."

बाबांनी कागदाची घडी घातली.

"एक्कावन्न," म्हणाले. "बरं."

२० मार्च, गुरुवार

बाबा व्यवस्थित जेवले. दाढी केली. शेजारच्यांशी फाटकात उभं राहून गप्पा मारल्या – मी खिडकीतून पाहिलं.

मला मात्र घास उतरत नाही. अडतीस वर्षं ते एकटे बसले होते त्या आकड्याशी. आता मी बसलेय. कुणाला सांगणार? मालकीणबाईंना?

२३ मार्च, रविवार

खेळ उघडलाच नाही. बाबांनीही विचारलं नाही. दोघंही आपापल्या खोलीत. झालं, पहिले पाढे पंचावन्न.

२९ मार्च, शनिवार

चहा पिताना बाबा म्हणाले, "बावीस मिनिटं. हो ना?"

मी कप खाली ठेवला.

"अडतीस वर्षं रोज काढतोय मी. दर वेळी बावीसच येतात. बघायचं होतं, दुसऱ्या कुणी काढलं तर काय येतं." चहा संपवला त्यांनी. "माझ्यासाठी कुणी गणित चुकवेल असं वाटलं नव्हतं गं."

मग वही पुढे सरकवली. ते जहाज ज्या कंपनीचं होतं तिच्या कचेरीचा पत्ता वर लिहून ठेवलेला.

"नोंदवहीत मी लिहिलं होतं. मी सांगतो, तू लिही. या वेळी खरं लिही."

पत्र लिहायला बसलोय.